काथवटीतला बाप्तिस्मा

संहितेत असं लिहिलं आहे:

(पाद्री झोकांड्या खात येतो. अडाणी आई बाळ घेऊन उभी. पाद्री बाळाला लाकडी काथवटीतल्या थंड पाण्यात बुडवतो, पण काय म्हणायचं ते विसरतो आणि बाळाऐवजी स्वतःची दाढी धुतो. लोक हसतात. तरुण कामगार येतो, पाद्र्याला हाकलतो, आईला शाळेचा रस्ता दाखवतो.)

अडाणी आई म्हणजे मी, मोत्र्या. तरुण कामगार म्हणजे तिमिश, आमच्या क्लबचा प्रमुख. ही संहिता त्यानेच जिल्ह्याहून आणली होती. आणि पाद्री म्हणजे ओमेल्यान. तो आमच्या चर्चमध्ये खरोखरचा डीकन होता, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा माणूस.

देव नाही असं ठरवून नव्या सरकारने चर्चच्या घंटा उतरवल्या, आत गव्हाची पोती रचली आणि पाद्र्याला गाडीत घालून उत्तरेकडच्या छावणीत नेलं. ओमेल्यान मागे राहिला. त्याने जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून दिलं की मी देव सोडला, इतकी वर्षं लोकांना फसवलं, क्षमा असावी.

"कागदावर कोणीही देव सोडतो," तिमिश त्याला म्हणाला. "स्टेजवर सोडून दाखव."

म्हणून ओमेल्यान नट झाला.

नाटक दर रविवारी सकाळी, पूर्वी घंटा व्हायच्या त्याच वेळेला. ही युक्ती तिमिशची. जागा म्हणजे पूर्वीचा गुत्ता, त्याचाच आता क्लब झाला होता. जप्त केलेल्या कपड्यांतला खऱ्या पाद्र्याचा झगा ओमेल्यानला मिळाला, गळ्यात घालायच्या पट्ट्यासकट. तो पट्टा डीकनला घालता येत नाही. ओमेल्यानने पहिल्यांदा घातला तेव्हा त्याचे हात इतके कापत होते की गाठ मलाच मारून द्यावी लागली. पण तो भीतीने कापत होता की आणखी कशाने, ते कळेना. नट झाल्यावर माणसाच्या कापण्यावर किती विश्वास ठेवायचा?

थांबा. एक गोष्ट मागे राहिली. ती आधी सांगायला हवी.

तालमीच्या पहिल्याच दिवशी तिमिशने मला बाजूला घेतलं.

"तू त्याच्या सगळ्यांत जवळ उभी असतेस."

"काथवट मध्ये असते."

"काथवट असू दे. तो दाढीत काय पुटपुटतो ते ऐकत जा. एक जरी शब्द खरा निघाला तर मला सांगायचं."

"आणि सांगितलं तर?"

"तर तो पाद्र्याच्या मागोमाग जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मोत्र्या, त्या गाडीत जागा पुष्कळ असते."

हे तो दरडावून म्हणाला नाही. तो चांगला मुलगा होता. दोन्ही हातांनी टोपी धरून बोलायचा. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटायची.

*

सुरुवातीला बाळ म्हणजे कापडात गुंडाळलेली उशी होती. लोक हसले, पण दुसऱ्याच्या घरी त्याचा विनोद ऐकल्यासारखे, मान राखायला हसले.

"उशी रडत नाही," तिमिश म्हणाला. "खरं बाळ आणा. पाद्री त्याला थंड पाण्यात बुडवतोय, ते किंचाळतंय, हे बघितल्यावर कोणती आई पुन्हा चर्चकडे वळेल?"

"कोण देईल तुला बाळ?"

"विचारून तर बघू."

विचारावं लागलंच नाही. पुढच्या रविवारी क्लबच्या अंगणात बायका बाळं घेऊन उभ्या होत्या. कोणाचं आधी यावरून त्यांच्यात कुजबूज चालली होती. तिमिशचा चेहरा उजळला. "बघितलंस? अंधार फिटतोय!"

फिटतोय की नाही ते मी बघत होते. मला मात्र दुसरंच काहीतरी दिसत होतं.

पाणी. संहितेत थंड पाणी आहे. पण दर रविवारी काथवटीत हात घालावा तर पाणी कोमट. कोण आणून ओततं, कोणालाच माहीत नाही.

कपडे. शेतावर ज्यांच्या अंगाला चिंध्या, ती बाळं क्लबात यायची ती नव्या पांढऱ्या सदऱ्यात. सदरा नेहमी नवा आणि नेहमी पांढरा, पूर्वी बाप्तिस्म्याला घालायचे तसा.

पहिली रांग. गुत्त्याच्या उंबऱ्याला ज्यांनी जन्मात पाय लावला नव्हता अशा म्हाताऱ्या आता पहिल्या रांगेत बसायच्या. मधोमध खिव्र्याआजी, जिच्या शब्दावर गल्लीतल्या निम्म्या सुना उठतात-बसतात. आणि त्यांच्यातली एकही सूर्यफुलाचं बी फोडायची नाही. आमच्याकडे क्लबात बी न फोडता बसलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर तो क्लबात बसलेला नसतो.

त्या हसायच्या. पण बुडवून झाल्यावर हसायच्या, सगळ्या एकदम. बुडवत असताना त्यांचे ओठ हलायचे आणि मांडीवरचं एकेक बोट मिटत जायचं. एक. दोन. तीन.

आणि ओमेल्यान? ओमेल्यान उचक्या द्यायचा. दारूड्याची उचकी त्याला इतकी छान जमली होती की मागच्या रांगेतली पोरं रस्त्याने तिची नक्कल करत जायची. उचकी, मग दाढीत काहीतरी, मग उचकी. "...चा सेवक पन्तेलेय," किंवा त्या दिवशीच्या बाळाचं जे नाव असेल ते, एवढं मला ऐकू यायचं. पुढे "...नावाने". कोणाचा सेवक? कोणाच्या नावाने? बरोबर त्याच जागी उचकी.

सोमवारी तिमिश विचारायचा.

तिमिश: काय ऐकलंस?
मी: उचकी.
तिमिश: उचकीच्या मध्ये?
मी: दुसरी उचकी.

हे खोटं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं. हे वाक्य मी स्वतःशीही म्हणून बघायचे, आणि स्वतःशी म्हणताना ते जरा कमी खरं वाटायचं.

*

मग ते बाळ दुसऱ्यांदा आलं.

डाव्या कानामागे तांबडा तीळ, मसुराएवढा. आदल्या रविवारी मी ते हातात धरलं होतं. मुलगा होता. आता त्याच्या डोक्याला झालरीचं टोपडं होतं आणि खिव्र्याआजी म्हणत होती, "ही आमच्या भाचीची मुलगी."

"आजी, मागच्या वेळी ही मुलगी मुलगा होती."

"हळू बोल की, भवाने."

"तुम्ही पुन्हा का आणलंत?"

तिने इकडे तिकडे बघितलं. तिमिश दाराशी खुर्च्या लावत होता.

"तिसऱ्या बुडीला डीकन शिंकला," ती म्हणाली. "आम्ही सगळ्याजणी बसलो, विचार केला. काहीजणी म्हणाल्या, धरावं. मी म्हटलं, नाही धरायचं. शिंकेत शब्द राहिला असेल तर?"

"कसलं धरायचं? कसला शब्द?"

"नाटक गं," आजी निर्मळ तोंडाने म्हणाली. "नाटक अर्धवट राहिलं ना पोराचं."

मी बाळ घेतलं. टोपडं खाली ओढून तीळ झाकला. हे मी का केलं, ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या दिवशी ओमेल्यान शिंकला नाही.

*

बीटाची रोपं विरळायची वेळ होती. ओमेल्यानला मुद्दाम शेवटची, दगडांची ओळ दिली होती. मी माझी ओळ सोडून त्याच्या शेजारच्या ओळीत शिरले.

"डीकन, तुम्ही खरे शब्द म्हणता."

तो मान वर न करता रोपं उपटत राहिला. "तुला तिमिशने पाठवलं?"

"तिमिशने पाठवलं असतं तर मी असं तोंडावर विचारलं असतं का?"

"त्याने पाठवलं असतं तर तू अगदी असंच विचारलं असतंस."

दोघं ओळीतून पुढे सरकलो.

"बायका पोरं घेऊन येतात ते काही तुमची उचकी बघायला नाही," मी म्हणाले. "त्या तीन बुड्यांचा खरा बाप्तिस्मा करून नेतात. फुकटात. तिमिशच्या डोळ्यांदेखत."

"डीकनला बाप्तिस्मा देता येत नाही. डीकन मेणबत्ती धरतो."

"खिव्र्याआजी म्हणते, चर्चने ठेवलं डीकन, क्लबने केलं पाद्री. बढती मिळाली म्हणते."

तो हसला. मग हसू पुसून टाकल्यासारखं तोंडावरून मातीचा हात फिरवला.

"ऐक. वीस वर्षं मी मेणबत्ती धरली. रोज वाटायचं, आज कोणीतरी ऐकेल. पहिली दहा वर्षं तसं वाटायचं. पुढची दहा वर्षं फक्त पाय दुखायचे. वर्तमानपत्रात मी जे छापलं ते भीतीने छापलं, पण ते खोटं नव्हतं. कळलं? भीतीने खरं बोललो."

"मग आता?"

"आता मी खोटी दाढी लावतो, दारूड्यासारखा डुलतो, आणि शब्द तोंडाशी येतात तेव्हा समोर असं काही शांत होतं... चर्चमध्ये कधी इतकं शांत झालं नव्हतं. कोणीतरी ऐकतंय." त्याने हातातलं रोप बघितलं, चांगलं रोप उपटलं गेलं होतं. "पण मला संशय आहे, ते तो वरचा नाही ऐकत. ती पहिली रांग ऐकते. आणि मला तेवढ्यावरच भागतं, याचीच मला लाज वाटते."

"म्हणजे तुम्ही म्हणता शब्द."

"मी पाद्र्याचं काम करतो. पाद्री म्हणतो."

सोमवारी तिमिशला मी सांगितलं: उचकी. आता मात्र ते खोटं होतं.

*

(प्रवेश दुसरा. जिल्ह्याहून कॉम्रेड तुर्बाय येतात.)

असा प्रवेश संहितेत नाही.

तुर्बायचा आवाज मऊ होता आणि अंगावर कातडी कोट. क्लबमध्ये गर्दी वाढते आहे, असं तिमिशने मोठ्या अभिमानाने जिल्ह्याला कळवलं होतं. जिल्ह्याला गर्दीचाच संशय आला. देव नाही हे ऐकायला एवढ्या म्हाताऱ्या कशाला येतात?

नाटकाआधी तो आमच्यापाशी आला.

"बाप्तिस्म्याच्या वेळी हा काय म्हणतो?"

"विसरतो, कॉम्रेड," तिमिश म्हणाला. "पुटपुटतो."

"पुटपुटायचं नाही. मोठ्याने म्हणायचं. पिता, पुत्र वगैरे जिथे येतं, तिथे बीट म्हण, कांदा म्हण, मुळा म्हण. लोक हसतील."

"मुळा की गाजर?" ओमेल्यानने विचारलं.

"तुला काय आवडेल ते."

"मला सगळं चालतं, कॉम्रेड."

तुर्बायने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग आत जाऊन त्याने एक खुर्ची उचलली, पहिल्या रांगेच्याही पुढे ठेवली आणि उलटी फिरवली. स्टेजकडे पाठ, लोकांकडे तोंड. तसा तो बसला, गुडघ्यांवर हात ठेवून.

त्या दिवशी खरं नाटक खाली बसलेल्यांनाच करायचं होतं.

बाळ पलाश्काचं होतं. पलाश्का माझ्या शेजारच्या ओळीत बीट काढायची. तिचं आधीचं बाळ दोन हिवाळ्यांपूर्वी गेलं, तेव्हा पाद्र्याला नेऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. ते बाप्तिस्म्याविना, बिननावाचं गेलं, आणि अशा जिवाला स्वर्गात जागा नसते म्हणतात. कुठे गेलं, हे ती रोज कोणाला ना कोणाला विचारायची. आत्ताचं किरकोळ होतं, कोंबडीच्या पिल्लासारखं, आणि ती किती रविवारांपासून अंगणात नंबर लावून उभी राहायची. भाज्यांचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. वेळच नव्हता.

ओमेल्यान आला. डुलला. उचकी दिली. मी बाळ पुढे केलं.

"सेवक सामिय्लो," तो गरजला. असा आवाज त्याने चर्चमध्येसुद्धा कधी लावला नसेल. "बीटाच्या नावाने!"

बुडी.

कोणी हसलं नाही. तुर्बायच्या पाठीमागे उभी असलेली मी त्याच्या डोक्यावरून सगळ्यांचे चेहरे बघत होते, आणि तो समोरून तेच चेहरे बघत होता. पहिल्या रांगेतली बोटं मिटायची थांबली होती. भिंतीशी उभी असलेली पलाश्का तोंड उघडून बघत होती. तिच्या तोंडातून आता काहीतरी निघणार होतं आणि ते निघालं की संपलं.

खिव्र्याआजी हसली. आधी नाकातून, मग पोट धरून, मग शेजारणीच्या पाठीत रट्टा घालत. "अगं बाई, बीट! बीट म्हणाला गं!" मग सगळी रांग. मग मागची पोरं. पलाश्काचा आवाज त्यात बुडाला.

"कांद्याच्या! मुळ्याच्या!"

बुडी. बुडी. हसून हसून आजीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

नाटक संपल्यावर तुर्बायने खुर्ची सरळ केली आणि बोट माझ्याकडे रोखलं. लोक अजून उठले नव्हते.

"तू. तू जवळ होतीस. हा एरवी पुटपुटतो तेव्हाही असंच म्हणतो?"

ओमेल्यानने दाढी काढली होती. ती त्याच्या हातात लोंबत होती. तिमिशने टोपी धरली होती. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"नाही, कॉम्रेड," मी म्हणाले.

कोणाचीतरी खुर्ची करकरली.

"भाजी बदलते. मागच्या खेपेला तो भोपळा पुटपुटला."

आता लोक खरंच हसले. सुटल्यासारखे हसले. तुर्बायही हसला, पण त्याचं हसू आधी थांबलं.

"यापुढे भाजीच," तो तिमिशला म्हणाला. "एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मी नटाला नाही विचारणार. तुला विचारीन."

*

क्लबच्या मागे घोड्यांना पाणी पाजायची दोण आहे. तुर्बायची गाडी निघून गेली, लोक पांगले, आणि तिथे पलाश्काने ओमेल्यानला गाठलं. बाळ तिने शालीत गुंडाळलं होतं, ओलंच. मी काथवट धुवायला आले होते. खिव्र्याआजी पलाश्काच्या मागोमाग आली होती, तिचं तोंड बंद करायला.

"माझ्या पोराला मुळा केलंत तुम्ही," पलाश्का म्हणाली.

"पलाश्का, घरी जा."

"आधी करून द्या. नीट."

"मला गाडीत घालतील. तुलाही घालतील."

"घालू देत. एक आधीच कुठे गेलंय ते मला माहीत नाही. दुसऱ्याचं मी तसं होऊ देणार नाही."

ओमेल्यान खाली दगडावर बसला. "मी पाद्री नाही. कधी नव्हतो. आणि ऐक, मी सांगतोय ते खरं आहे: माझा विश्वास नाही. बाकी काही असो, तो नाही. पोकळ माणसाकडून घेऊन काय करशील?"

"विश्वास ठेवा म्हणून तुम्हाला कोण म्हणतंय?" पलाश्का ओरडलीच. "तो आम्ही ठेवतो ना! तुम्ही नट आहात, नाटक करा!"

आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. मग काढला.

ओमेल्यानने दोणीकडे बघितलं. "नुसतं असं नाही येत मला," तो म्हणाला, एखादं आजारपण सांगावं तसा. "समोर कोणी नसलं की शब्द येत नाहीत."

आजीने एक रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. पहिली रांग.

मी डोक्याला अडाणी आईचा रुमाल पुन्हा बांधला. पलाश्काकडून बाळ घेतलं. भर दुपार होती, कुंपणापलीकडे रस्ता. ओमेल्यान उठला. दाढी लावली नाही, डुलला नाही, उचकी दिली नाही. दोणीतलं पाणी ओंजळीने काथवटीत घेतलं, पाद्री पाणी पवित्र करताना सोडायचा तसा त्यात श्वास सोडला आणि बाळ हातात घेतलं.

"देवाचा सेवक सामिय्लो याचा बाप्तिस्मा होत आहे. पित्याच्या नावाने."

आजीचं बोट मिटलं.

"पुत्राच्या."

तेवढ्यात मला तिमिश दिसला. तो क्लबच्या मागच्या दारात उभा होता. कधीपासून, देव जाणे. ओमेल्यानलाही तो दिसला. बाळ पाण्यावर होतं. आत गेलेलं नव्हतं, वर आलेलं नव्हतं.

ओमेल्यानने त्याला बुडवलं. "आणि पवित्र आत्म्याच्या," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. हा आवाज मी स्टेजवर कधी ऐकला नव्हता, आणि तरीही मला वाटून गेलं, की हाही त्याने बसवलेला असेल.

तिमिश चालत आला. टोपी हातात नव्हती, खिशात होती.

"तालीम?" त्याने विचारलं.

"तालीम," मी म्हणाले.

"भाज्या नाही ऐकू आल्या."

आजी खोक्यावरून उठली नाही. पलाश्काने शाल पुढे धरली होती आणि तिचे हात हलत नव्हते.

"आणि शेवट गाळलात," तिमिश म्हणाला. "केस. बुडवल्यावर पाद्री बाळाचे चार केस कापतो. संहितेत आहे."

संहिता मला पाठ होती. केसांचं त्यात काही नव्हतं. ते खऱ्या बाप्तिस्म्यात असतं, आणि हे त्याला कोणाच्यातरी कडेवर बसून बघितल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं.

त्याने खिशातून चाकू काढला, उघडला, पातं स्वतःच्या हातात धरलं आणि चाकूची मूठ ओमेल्यानपुढे केली.

ओमेल्यानने चाकूकडे बघितलं, मग माझ्याकडे. हा मुलगा आपल्याला पकडतोय की आपल्यात येतोय, हे त्याला माझ्या तोंडावरून वाचायचं होतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. तिमिशच्या तोंडावर काही नव्हतं. तोही महिनोन्महिने त्याच स्टेजवर उभा राहत आला होता.

"घ्या," मी म्हणाले. "बाळाला थंडी वाजतेय."